टेलरकाकूंची ट्रायल

दुसऱ्या बाईचा अर्धवट शिवलेला ब्लाउज स्वतःच्या अंगावर चढवून आरशासमोर उभी राहणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या टेलरकाकू. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंबरनाथला फॅक्टरीजवळच्या चाळीत त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानाचे ब्लाउज त्या घरी शिवायच्या. गिऱ्हाईक ट्रायलला येऊ शकलं नाही की काकू तो ब्लाउज आधी स्वतः घालून बघायच्या. मी लग्न होऊन बदलापूर गावातून नुकतीच तिथे आले होते. टाचण्यांनी भरलेल्या त्या ब्लाउजात हात घालताना त्या "आई गं" करायच्या ते ऐकून मी म्हटलं, "काकू, कशाला हा छळ करून घेता?" तर म्हणाल्या, "टोचायचं ते मला टोचू दे गो. तिला नीट बसला म्हणजे झालं."

ट्रायल हा त्यांचा लाडका शब्द. ट्रायल म्हणजे कच्चा टाका, पांढरा दोरा, आवडलं नाही तर सर्रकन उसवून मोकळं. माझीही ट्रायल त्या अशीच घ्यायच्या. "हात वर कर. श्वास घे. आता खरं सांग, कुठे टोचतंय? ट्रायलला लाजायचं नाय हां, बदलापूरकरीण. मागाहून बोंब मारलीस तर मी ऐकायची नाय." मला खरं सांगायला लाज वाटायची. मग काकूच दोन बोटं घालून बघायच्या आणि चुकचुकायच्या.

गाठ सापडली तीही ट्रायलमध्येच. कुणाचा तरी रेशमी ब्लाउज घालताना टाचणी छातीला टोचली, चोळायला गेल्या तर बोटाला काहीतरी लागलं. मला हाक मारली नाही. मला कळलं ते मशीनच्या आवाजावरून. ऐन दुपारी मशीन सुरू झालं ते थांबेचना. कापड सरकवायला, दोरा तोडायला बाई थांबते की नाही? मी जाऊन पाहिलं तर सुईखाली कापडच नव्हतं. काकू नुसत्या पाय हलवत होत्या आणि भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी माझा हात धरून तिथे लावला. बापरे! वाटाण्याएवढी, पण दगडासारखी. त्या काळी आमच्या चाळीत त्या रोगाचं नावसुद्धा कुणी घेत नसे. 'तो आजार' म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि तोच आजार निघाला. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. काकू घरी आल्या आणि अंथरूण धरून बसल्या. "मी काय जात नाय. कापून घेऊन मरण्यापेक्षा अखंड मरते," एवढंच पुन्हा पुन्हा. मी समजावलं, रागावले, शेवटी त्यांच्याबरोबर रडले.

मार्ग दाखवला तो उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका सिंधी भाभींनी. काकूंची जुनी गिऱ्हाईक. त्यांच्या ब्लाउजात काकू एका बाजूला कापसाची गादी शिवून द्यायच्या, आणि हे गुपित त्यांनी माझ्यापासूनही राखलं होतं. ब्लाउज न्यायला आलेल्या भाभींनी काकूंचा चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं. जवळ बसून म्हणाल्या, "अरे, घबराओ मत। मैं भी तो उधर ट्रायल में हूँ। नई दवा है। तुम भी पूछो डॉक्टर को।"

भाभी गेल्या आणि काकू माझ्या दारात हजर. चेहरा उजळलेला. "नुसती ट्रायल असते गो! भाभींना कापलं तेव्हा ही दवा नव्हती, आता कापाकापी नाय. उगाच घाबरवलं मेल्यांनी." आणि मी बी.ए. झालेली शहाणी, माझाही विश्वास बसला! औषधाची कसली ट्रायल असते हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं? पुढच्या खेपेला काकू मापाला सोयीचा असा पुढून हुकांचा चांगला ब्लाउज घालून निघाल्या.

डॉक्टरीणबाई मराठीच होत्या, आवाज मऊ. पडद्यामागे त्यांनी सांगितलं, "हात वर करा. श्वास घ्या. कुठे दुखतंय?" काकू माझ्याकडे बघून हसल्या. "बघ, माझंच वाक्य." मग बाहेर येऊन म्हणाल्या, "मला ट्रायल करायची. कात्री न लावता."

डॉक्टरीणबाईंना काही उमगेना. काकूंचा धंदा मी सांगितला तेव्हा त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, ऑपरेशन सगळ्यांनाच करावं लागतं. ते उसवता येत नाही. नेहमीची औषधंही सगळ्यांना. ट्रायल आहे ती त्यानंतरच्या एका गोळीची. काहींना नवं औषध मिळेल, काहींना तशीच दिसणारी नुसती पिठाची गोळी. कुणाला कुठली, ते मलाही कळणार नाही. औषधाचा त्रासही होऊ शकतो."

काकू उठल्या आणि तडक बाहेर गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या, दात वाजत होते. मलाही पळून जावंसं वाटत होतं. मी त्यांची पाठ चोळत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मधेच नको म्हटलं तर?"

मी आत जाऊन विचारून आले. "कधीही सोडता येईल. बाकीचे उपचार चालूच राहतील."

"म्हणजे गोळी तेवढी कच्च्या टाक्याची." त्यांनी पदर नीट खोचला. "आणि मला नाय बसली तरी दुसरीला कशी शिवायची ते त्यांना कळेल. होय ना?"

"होय, काकू."

"घाबरलेली तर मी आहेच गो. घरी गेले तरी घाबरणारच आहे. मग इथेच घाबरते." सही करताना कागद सरकू लागला तसा डॉक्टरीणबाईंनी तो दाबून धरला.

ऑपरेशनला मी बाहेर देवाचं नाव घेत बसले होते, तेही धड आठवेना. त्या निभावल्या. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःच्या ब्लाउजात गादी शिवली आणि मलाच विचारलं, "बसला?" रोज सकाळी चहाआधी गोळी. घशाखाली उतरली की डोळे मिटून थांबायच्या. "आज पिठाचीच होती वाटतं," असं म्हणून हसायच्या, पण हसू अर्धंच. कंबर जरा धरली, खोकला आला, की भिंतीपलीकडे रिकामं मशीन सुरू व्हायचं. तो आवाज आला की मी हातातलं काम टाकून जायची.

काही वर्षं बरी गेली. मग एकदा कंबर धरली ती सुटलीच नाही. आजार हाडात उतरला होता. शेवटच्या दिवसांत त्यांना एकच ध्यास होता. "कुठली होती गो मला? खरी की पिठाची? विचार ना जाऊन." मी गेले, विचारलं. सगळ्या बायकांचं संपल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाले. काकू तोवर थांबल्या नाहीत. भिंतीपलीकडचं मशीन दुकानवाल्या सेठने नेलं तेव्हा मी दार लावून घेतलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी त्याच हॉस्पिटलात, त्याच पडद्यामागे उभी होते. आता गाठ माझी होती. एक तरुण डॉक्टरीण म्हणाली, "हात वर करा. श्वास घ्या. कुठे दुखतंय?" आणि मला रडूच फुटलं. तिला वाटलं, तिचा हात लागून दुखलं. ऑपरेशन झालं, नंतर तिने गोळ्या लिहून दिल्या आणि धीर दिला, "घाबरू नका हं. हे औषध नवं नाही. याची ट्रायल कधीच झालीय, इथल्याच बायकांवर."

ती हीच गोळी होती का, मी विचारलं नाही. काकूंना खरी मिळाली होती की पिठाची, तेही आता विचारत नाही. रोज सकाळी चहाआधी गोळी घेते, अजूनही भीती वाटते, आणि डोळे मिटून थांबते. भिंतीपलीकडे कुणी नसतं. तरी मी खरं ते सांगते. ट्रायलला लाजायचं नसतं.

"नीट बसलीय, काकू. कुठेच टोचत नाही."