अर्ध्या नजरेचा पाहुणचार

डोक्याला मार लागल्यापासून मला जगाची फक्त उजवी बाजू दिसते.

गेल्या वर्षी देवपुरात स्कूटीवरून पडले, डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. पण डावीकडचं अर्धं मेंदूपर्यंत पोचत नाही. मान वळवून बघायची सवय लावा." (आमच्या घरी मान वळवायची सवय फक्त माझ्या नवऱ्याला आहे, तीही मी बोलायला लागले की.) जेवताना मी रोज तक्रार करायचे, "आज भाजी नाही का?" लेक मुग्धा ताट फिरवायची. भाजी हजर.

अशातच रावेरहून मुग्धाला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलाचा केळीचा व्यापार, मुग्धालाही मुलगा पसंत.

"आई, तू नुसती बसून राहा," मुग्धा म्हणाली.

"माझ्या लेकीचे पाहुणे. पोहे मीच करणार आणि मीच देणार."

पोहे झकास झाले. एकेक बशी नेऊन मी सगळ्यांना दिली आणि दमून सोफ्याच्या रिकाम्या टोकाला टेकले. टोक मऊ लागलं. शिवाय ते बोललं.

"ताई, मी बसलेय इथे."

मुलाची आई! तिला पोहे दिले नव्हतेच, वर तिच्या मांडीवर बसले होते. मी घाईने उजवीकडे सरकले. दारातून आमच्या अक्कांचा, म्हणजे सासूबाईंचा, आवाज आला, "बठ्ठासले दिधं, तिलेच नई दिधं!"

"अहो, तिला जरा चक्कर..." नवऱ्याने सारवासारव सुरू केली. मला ते आवडलं नाही.

"चक्कर नाही," मी म्हणाले. "मेंदूला मार लागलाय. डावीकडचं दिसत नाही."

मुलाचे वडील चाचरत म्हणाले, "मग स्वयंपाक वगैरे?"

"हे पोहे मीच केलेत. कांदाही मीच चिरला." मी दोन्ही हात पुढे केले. "बोटं मोजून घ्या."

मुग्धा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "गेल्या पावसाळ्यात आईला उठून बसता येत नव्हतं. आज ती पोहे करतेय," ती म्हणाली. माझी मान ताठ झाली.

मुलाची आई उठली, सोफ्याला वळसा घालून माझ्या उजवीकडे येऊन बसली.

"आता दिसते का मी?"

"दिसता. साडी छान आहे."

"मग आता पोहे द्या. भूक लागलीय."

लग्न तिथेच ठरलं. साखरपुड्याचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय. सगळे डावीकडच्या कॅमेऱ्याकडे बघतायत. मधोमध मी, छाती पुढे काढून, अभिमानाने उजवीकडच्या आचाऱ्याकडे बघून हसतेय.