चेर्नोबिलला न गेलेला माणूस

चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा मी तिथं नव्हतो. परभणीच्या आसपासच्या ज्या शाळा-कॉलेजांनी मला वर्षानुवर्षं ‘अणुदुर्घटनेतून वाचलेले गृहस्थ’ म्हणून व्यासपीठावर बसवलं, त्यांच्यासाठी हे आधी सांगून टाकतो. मी ताश्कंदला होतो. कापसाच्या शेतीचं शिक्षण घ्यायला सरकारी शिष्यवृत्तीवर गेलो होतो. नकाशा काढून बघा, ताश्कंदहून चेर्नोबिलपेक्षा परभणी जवळ पडते.

दुर्घटनेची बातमीही मला घरूनच कळली. तिथला रेडिओ कापसाच्या पेरणीत रमलेला होता. एक दिवस वडिलांची तार आली, ‘सुखरूप आहेस का’. खोलीतला सोबती आणि मी बराच वेळ विचार करत बसलो, की आपल्याला असं झालंय तरी काय.

त्याच उन्हाळ्यात मला टायफॉईड झाला आणि डोक्यावरचे केस गेले. पेडगावच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो तेव्हा पारावरच्या लोकांनी माझ्या टकलाकडं पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. मी टायफॉईडचं सांगून पाहिलं. पण टायफॉईड गावात कुणालाही व्हायचा, तो ऐकायला कोण थांबतो? भट्टी बघितलेला मात्र अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. पुढं केस उगवले, तेव्हा लोक म्हणाले, माणूस लय चिवट हाय.

इथवर सगळं गमतीचंच होतं. पण माझं लग्न परदेशी जाण्याआधीच झालेलं. बायको पिंगळीची. परतल्यावर दोन-तीन वर्षं गेली, मूल होईना. आईनं बायकोला सोमवार धरायला लावले, या देवळात ने, त्या देवळात ने, असं सुरू केलं. शेजारणी बारशाला तिला बोलवायचं विसरू लागल्या. शेवटी आम्ही दोघं नांदेडला डॉक्टरकडं गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “बाईंमध्ये काही दोष नाही. तुम्हाला मोठेपणी गालगुंड झाले होते का?” झाले होते, पंधराव्या वर्षी. कडुनिंबाचा पाला बांधून महिनाभर पडलो होतो. ते गालांवरून खाली उतरले होते हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी आलो तर आई दारातच उभी. मी म्हणालो, “दोष माझ्यात आहे. रशियातलं आहे ते.”

आईनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि रडली. पण त्या दिवसापासून बायकोचे सोमवार सुटले, टोमणे थांबले. मी स्वतःला समजावलं, की एका खोट्यानं बाईची सुटका झाली. गालगुंड सांगूनही तेवढीच सुटका झाली असती. पण गालगुंडानं वांझ राहिलेला पुरुष म्हणजे गावाला करमणूक, आणि अणुभट्टीनं राहिलेला म्हणजे बलिदान. मी बलिदान निवडलं.

मग भाषणं सुरू झाली. जपानमध्ये भट्ट्या फुटल्या त्या वर्षी तर मला उसंत नव्हती. अणुऊर्जेच्या विरोधकांनी बोलावलं. ती किती घातक, याचा मी जिवंत पुरावा होतो. पुढच्या महिन्यात समर्थकांनी बोलावलं. ती काहीच करत नाही, याचाही जिवंत पुरावा मीच. दोन्हीकडं टाळ्या पडल्या. बायको कधीच ऐकायला आली नाही.

धाकटा भाऊ लवकर गेला. त्याची मुलगी आमच्याच घरात वाढली. दोन वर्षांपूर्वी तिला मानवतच्या एका व्यापारी घरातलं स्थळ आलं. पोरीला मुलगा आवडला होता. बैठकीला पाहुणे आमच्या घरी आले, पोहे झाले, आणि मुलाच्या आत्यानं कपबशी खाली ठेवली.

“इचारलेलं बरं म्हनून इचारते. ह्या घरात ते रशियाचं हाय म्हनं. पोरीत उतरलं असंल तर?”

“मी तिथं नव्हतोच,” मी म्हणालो. “मी ताश्कंदला होतो. फार लांब.”

मुलाचे वडील उठले आणि माझे हात धरले. “साहेब, पुतणीसाठी तुमी आपलं दुखणंसुद्धा झाकायलाव. देवमाणूस हाव. पन आमाला भ्या वाटायलंय, त्याला काय करावं?”

“झाकत नाही हो. खरंच नव्हतो.”

“मग लेकरू का न्हाई झालं?” आत्यानं विचारलं.

खोलीत सगळे पुरुष माझ्याकडं बघत होते. एक शब्द बोलायचा होता. मी चष्मा पुसायला घेतला.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, “दोष माझ्यात होता. डॉक्टरनं तवाच सांगितलेलं. ह्यांनी माझी इज्जत राखायला रशियाचं नाव घेतलं.”

मी खरं बोललो ते कुणाला पटलं नाही. ती खोटं बोलली ते सगळ्यांना लगेच पटलं. मुलाच्या वडिलांनी सुस्कारा सोडला, आत्यानं उरलेला चहा संपवला, आणि सोयरीक जमली.

लग्नात माझा सत्कार झाला, त्यात आता बायकोला सांभाळून घेतल्याचाही उल्लेख होता. हळद लावायला बायकोचा हात पुढं आला तेव्हा एका बाईनं ताट हलकेच पलीकडं सरकवलं. बायकोनं हात पदराला पुसला आणि पाणी वाढायला गेली.

गेल्या महिन्यात पुतणीच्या डोहाळजेवणाचा फोन आला. “साहेब, तुमी नक्की या,” मुलाचे वडील म्हणाले. “वहिनींना उगं कशाला दगदग?”

बायकोनं हिरवी साडी आणि बांगड्या आधीच आणून ठेवल्या होत्या. पिशवी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, “तुमी द्या.”

“तू चल. मी सांगतो सगळं.”

“येते. पन सांगायचं ते दारातच सांगा, मी आत पाय टाकायच्या आधी. आत बसल्यावर उठवलेलं मला सोसायचं न्हाई.”

मानवतला दारात आत्याच उभी होती. बायकोला बघून तिचा चेहरा पडला. मी मोठ्यानं म्हणालो, “मला गालगुंड झाले होते.”

आत्या दोन पावलं मागं सरकली. “आगं बाई! आत पोटुशी पोर हाय, आन् तुमी बिमारी घेऊन आलाव?”

“आत्ता नाही हो. पंधराव्या वर्षी.”

मग उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. नांदेड, डॉक्टर, आई, बैठक. शेजारच्या गच्चीवर दोन बाया वाळवण सोडून ऐकत होत्या. आत्यानं ऐकून घेतलं. शेवटी बायकोकडं वळली.

“मग त्या दिशी तुमी असं कसं वो बोललाव, इहीनबाई?”

“पोरीचं मोडलं असतं,” बायको म्हणाली. “ह्यांच्या तोंडाकडं बघत किती येळ बसावं?”

आत्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हातानं तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. थोड्या वेळानं आतून बायकांचं गाणं सुरू झालं. मला कुणी आत या म्हटलं नाही. मी ओट्यावर बसून राहिलो.