न धुतलेली बरणी

प्रयोगशाळेत बरण्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे गाळमावशी म्हणत. म्हणणाऱ्यांच्या नाकाला रुमाल असे, मावशींच्या नाकाला कधीच नव्हता. एकवीस वर्षं त्या सांडपाण्याचा गाळ बादलीतून आणत होत्या. तो बारा बरण्यांत भरायचा, आत कार्बनचं जाड काळं कापड बुडवायचं आणि वाट पाहायची. महिन्याभरात कापडावर बुळबुळीत थर धरतो. त्यातले जंतू गाळ खातात आणि वीज सोडतात. प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुख मॅडमनी निवृत्त होताना बजावलं होतं, "मावशी, पोटच्या पोरांसारखं सांभाळा."

मग नवे सर आले. उथळ पाण्याला खळखळाट फार! कार्बनच्या कापडाविषयी त्यांचे तीन निबंध छापून आले होते, पण त्यांनी गाळात बोट बुडवलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तपासणी समिती यायची होती. वीज मोजणारा काटा हलला तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर दाराला कुलूप. आदल्या दिवशी सरांनी एक कापड चिमट्यानं उचललं आणि किंचाळले.

"शी! हे असलं पाहुण्यांना दाखवायचं? सगळी साबणानं घासून काढा."

"अहो सर, ही बुळबुळच तर वीज देते."

"मावशी, डॉक्टरेट माझी आहे की तुमची?"

पालथ्या घड्यावर पाणी! मावशींनी अकरा कापडं घासली. रडू येत होतं आणि हात घासत होते. बारावी बरणी मात्र त्यांनी हळूच बेसिनखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर अकराही बरण्यांवर काटा ढिम्म हलेना. सर तारा ओढत राहिले, घाम पुसत राहिले. "हवामानाचा परिणाम," म्हणाले. समितीच्या बाईंनी वही मिटली. तेव्हा मावशींनी बेसिनखालची बरणी टेबलावर आणून ठेवली, तारा जोडल्या. काटा सरसर वर चढला.

सर लगेच पुढे सरसावले. "हा आमचा राखीव नमुना!"

"मग त्या अकरा कशा मेल्या?" बाईंनी विचारलं.

सरांना अचानक छत फार आवडलं. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबल्या. एक शब्द तरी बोलेल हा माणूस, असं त्यांना खरंच वाटलं होतं.

"मी मारल्या," शेवटी त्याच म्हणाल्या. "याच हातांनी धुतल्या. हुकूम सरांचा होता."

बाईंनी वही पुन्हा उघडली. "पुन्हा थर धरायला किती दिवस लागतील?"

"महिना," मावशी म्हणाल्या. "फक्त साबण आणि सर, दोन्ही लांब ठेवा."