तुकडा आणा, फ्रेम न्या

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. आठवीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. बोलायलाही मी लाजतो. फोन वाजला की मी पाण्याची बाटली भरायला उठतो, हे आमच्या दुकानात सगळ्यांना माहीत आहे. पण चष्म्याच्या दुकानात सात वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे बारीक स्क्रूंची एक बशी आहे. कुठल्या चष्म्याचा स्क्रू त्यात कधी पडला, कुणालाच सांगता येत नाही, पण बशी कधी रिकामी होत नाही. तसंच हे.

दुकान भिवंडीतून राहनाळकडे जाताना रस्त्यालाच आहे. मालक हरीशेठ. त्यांच्या भाताच्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत. भाडं तिकडून येतं, दुकान हौस म्हणून चालतं. काचा घासणं, बसवणं, काड्या सरळ करणं ही कामं माझी.

शाळेच्या पोरांसाठी हरीशेठनी एक नियम केलाय. तुटलेल्या चष्म्याचा तुकडा आणायचा आणि फ्रेम फुकट न्यायची! काच शाबूत असेल तर मी तीच थोडी घासून नव्या फ्रेममध्ये बसवतो, म्हणजे काचेचाही खर्च वाचतो. नियमाचं कारण साधं आहे. चष्मा तुटला की पोरं मार बसेल म्हणून तो लपवतात आणि महिनोन्महिने तसंच धडपडत फिरतात. तुकड्याला भाव आला, तसे तुकडे बाहेर यायला लागले. दप्तरातून, गादीखालून, एकदा तर तांदळाच्या डब्यातून!

* * *

एकदा गावठाणातले एक आजोबा नातवाला घेऊन आले. दुसऱ्या हातात बकरी.

हरीशेठ म्हणाले, "बाबा, जनावर भायेर बांधा."

"न्हाय बांधत. तुमचाच नियम हाय ना, तुकडा आणा म्हणून?"

"हाय की."

"मंग हा आनलाय. काडी हिनं खाल्ली. तुकडा हिच्या पोटात हाय!"

हरीशेठ म्हणाले, काच तरी दाखवा. आजोबांनी खिशातून काढून दाखवली, दोन्ही शाबूत होत्या. एवढ्या वेळात बकरीनं भिंतीवरच्या कॅलेंडरचे दोन महिने खाल्ले.

"दे रं लवकर फ्रेम," हरीशेठ मला ओरडले, "न्हायतर दिवाली पन जाईल हिच्या पोटात!"

तिसऱ्या दिवशी आजोबा परत आले. काउंटरवर एक कागदाची पुडी ठेवली आणि म्हणाले, "नियम तो नियम."

ती पुडी आम्ही उघडली नाही.

* * *

नियमात एकच भोक होतं. चष्मा हरवला तर तुकडा कुठून आणायचा?

हे भोक आम्हाला सानिकानं दाखवलं. सानिका सात वर्षांची, नंबर मायनस पाच. चष्मा नसला की भिंतीला हात लावून चालते. बोलण्यात माझ्यासारखीच, म्हणजे जवळजवळ नाहीच. तिची आई सुरेखाताई इथल्याच एका गोदामात पॅकिंगला आहे. घरी दोघीच.

सानिकाचा चष्मा कधी तुटला नाही. हरवला. एकदा नाही, तीनदा! दरवेळी कुठे हरवला विचारलं की ती म्हणायची, "ठेवला होता. मग नव्हता."

हरीशेठनी तिच्यासाठी नियम वाकवला, फ्रेम दिली. पण फ्रेम फुकट मिळाली तरी सुरेखाताईंना ते परवडत नव्हतं, हे मला उशिरा कळलं. चष्म्यासाठी यायचं म्हणजे खाडा. तिसऱ्या वेळी त्या काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "सुपरवायझर बोलला, अजून एक खाडा केलास तर येऊच नको. संदेश, आता हा हरवला तर माझी नोकरी गेली रे."

मी सानिकासमोर उकिडवा बसलो आणि प्रत्येक वेळी सांगतो तेच सांगितलं. "झोपताना चष्मा काढायचा. मऊ जागेवर ठेवायचा. काच वर, काड्या खाली. काय?"

"काच वर, काड्या खाली," ती म्हणाली. इतकं नीट ऐकणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

* * *

सगळीच तशी नसतात. ओम नावाचा एक चौथीतला मुलगा तुकडे घेऊन आला. त्याच्या मित्राला नुकतीच आमच्याकडून निळी फ्रेम मिळाली होती, याची तपकिरी होती.

"कसा तुटला रं?"

"पडला, काका. जिन्यावरून."

हरीशेठनी रुमाल उलगडला. दोन काड्या वेगळ्या, मधली फ्रेम वेगळी, कुठे साधा चरा नाही. आणि कोपऱ्यात वहीच्या कागदाची छोटी पुडी. तिच्यात दोन स्क्रू!

"जिन्यावरून पडला आन् स्क्रू आपनहून पुडीत जाऊन बसले?"

मी दोन मिनिटांत स्क्रू फिरवून तोच तपकिरी चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. त्यानं आरशात बघितलं, दारापर्यंत गेला आणि स्वतःशीच म्हणाला, "दगडच घालायला पाहिजे होता!"

* * *

आता एक माझा. लिहू की नको असं झालंय, पण लिहितो.

मला फळा दिसायचा नाही, हे शाळेत असताना कुणाला कळलं नाही, मलाही नाही. मला वाटायचं सगळ्यांनाच असा दिसतो आणि बाकीचे हुशार आहेत. दुकानात कामाला लागलो, तेव्हा डोळे तपासायला येणाऱ्या मॅडमनी सहज मला खुर्चीत बसवलं. नंबर निघाला. हरीशेठनी त्याच संध्याकाळी चष्मा माझ्याच हातून बसवून घेतला आणि म्हणाले, "जा, भायेर जाऊन दुनिया बघून ये."

मी बाहेर गेलो. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर मोठी लाल अक्षरं होती. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या लांबून काहीतरी वाचलं.

'येथे लघवी करू नये.'

मी मान खाली घालून आत आलो. हरीशेठ म्हणाले, "काय रं, काय दिसला?" मी काचा घासायला बसलो. त्या भिंतीशी माझी जुनी ओळख होती!

* * *

शफीकभाई लूमवर कामाला. त्यांच्या मुलीच्या चष्म्याची काडी मोडली, तर दुकानात यायच्या आधी त्यांनी ती घरीच सुतानं बांधली. दोरा इतका घट्ट आणि एकसारखा गुंडाळला होता की हरीशेठनी तो चष्मा उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाले, "याला हात लावू नको. तू बिघडवशील."

शफीकभाई लाजले. "सेठ, दिन भर तागा टूटता है, दिन भर जोड़ता हूँ. हमारी गाँठ लूम पे नहीं खुलती, बच्चे के कान पे क्या खुलेगी!"

तिथून दोऱ्या सुरू झाल्या. शफीकभाई उरलेल्या सुताच्या रंगीत दोऱ्या वळून देतात. चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधायच्या आणि गळ्यात घालायच्या, म्हणजे चष्मा पडला तरी छातीवर लोंबतो. हरीशेठनी वर एक युक्ती काढली. दोरीला कापडी पट्टी शिवायची आणि त्यावर दुकानाचा फोन नंबर. सापडेल तो फोन करेल.

"कोण करतोय फोन?" मी म्हणालो.

"तू तर न्हायच उचलनार," हरीशेठ म्हणाले.

पहिली दोरी सानिकाला दिली. लाल.

* * *

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग एका सोमवारी दुपारी मला काचेतून सानिका दिसली. भिंतीला हात लावून चालली होती.

मी बाहेर धावलो. "चष्मा?"

तिनं मान हलवली. "ठेवला होता. मग नव्हता."

"दोरी?"

"दोरीपण."

"कधीपासून?"

"चार दिवस." मग म्हणाली, "आईला नका सांगू. तिनं विचारलं की मी दप्तरात घातलाय म्हणून सांगते."

हरीशेठ गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम कुंडांवर दोन दिवस गेले होते. मायनस पाचची काच आमच्याकडे तयार नसते, मागवावी लागते. चष्मा नाही हे सुरेखाताईंना कळलं तर त्या काम सोडून धावत येणार, आणि खाडा झाला की नोकरी जाणार. सांगितलं तर पंचाईत, न सांगितलं तर पोरगी रस्त्यानं अशी चालणार. मी सानिकाला बाकावर बसवलं आणि विचार करायला लागलो. मला विचार करायला वेळ लागतो.

तेवढ्यात फोन वाजला.

बाटली भरलेली होती. पळायला कारणच नव्हतं. उचलला.

"हॅलो, चष्म्याचं दुकान का? मी लातूरहून बोलायलेय." बाईंचा आवाज खणखणीत होता. "मिक्सर मागवला होता बघा. आज आला. खोक्यात मिक्सर आहे, तीन भांडी आहेत, आणि लेकराचा एक चष्मा आहे. लाल दोरीचा. मी विचारते, हा मिक्सरसोबत फ्री आहे का?"

"लाल दोरी?" मी म्हणालो.

"नीट ठेवलाय हो," बाई म्हणाल्या, "बबलच्या मऊ कागदावर. काच वर, काड्या खाली."

मी सानिकाकडे बघितलं. "तू दुपारी झोपतेस कुठं?"

"आईकडं. गोदामात, खोक्यांच्या मागं. वॉचमनकाका सोडतात. आईनं सांगितलंय कुणाला बोलायचं नाही."

"आणि चष्मा?"

"मऊ जागेवर," ती म्हणाली.

आख्ख्या गोदामात सगळ्यात मऊ जागा म्हणजे पॅकिंगला उघडी ठेवलेली खोकी! पोरगी माझं ऐकून चष्मा त्यात ठेवायची, आणि तिची आई वरून टेप मारायची. तीन चष्मे असेच कुठल्या कुठल्या गावांना गेले होते. आणि शिकवलं होतं मी.

"काय हो, बोलत का नाही?" लातूरच्या बाई म्हणाल्या. "खोकं उघडं होतं म्हणायचं का? कंपनीकडे तक्रार नोंदवावी म्हणते मी."

"नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की सानिका दचकली.

मग मी बोललो. आयुष्यात एवढं कधी बोललो नव्हतो. सानिका सांगितली, मायनस पाच सांगितला, खाडा सांगितला, पोरीला आत घेतल्याचं कळलं तर आईची नोकरी जाईल हे सांगितलं, मऊ जागा सांगितली. का कोण जाणे, तुकड्याचा नियम आणि बकरीसुद्धा सांगितली.

पलीकडून मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा.

"मिक्सर चांगला चालतोय," बाई म्हणाल्या. "तक्रार कशाची करू? पत्ता सांगा तुमचा."

* * *

संध्याकाळी सुटल्यावर सुरेखाताई आल्या. मी सांगितलं तशा त्या खालीच बसल्या. "माझ्याच हातानं टेप मारली रे. चार वेळा!" रडतील असं वाटलं, पण त्यांना हसू आलं आणि थांबेचना. मग सानिका हसली. मग मीपण.

दुसऱ्या दिवशी हरीशेठ अकलोलीहून आले. सगळं ऐकून घेतलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सुरेखाताईंना निरोप धाडला, "शाळा सुटली की पोरीला हितं बाकावर बसव. गोदामात नको. आज चष्मा गेला, उद्या पोरगीच लातूरला जायची!"

तेव्हापासून सानिका दुपारी आमच्या बाकावर अभ्यास करते आणि तिथंच झोपते. तिचा चष्मा मी स्वतः काढून काउंटरवर ठेवतो.

* * *

शनिवारी लातूरचं पार्सल आलं.

आत सानिकाचा चष्मा होता, लाल दोरीसकट, स्वच्छ पुसलेला. खाली शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, बहुतेक त्याच मिक्सरमधली. आणि त्याखाली रुमालात बांधलेलं काहीतरी. उघडलं, तर लहान मुलाची फ्रेम, मधोमध मोडलेली. दोन्ही काचा शाबूत. सोबत चिठ्ठी होती.

'हा माझ्या नातवाचा. क्रिकेट. तुकडा पाठवला आहे. तुमचा नियम लातूरला लागतो का, ते शेठना विचारून कळवावे.'

हरीशेठनी चिठ्ठी दोनदा वाचली. "बकरीला लागला," ते म्हणाले, "लातूरला का न्हाय लागनार?"

दुसऱ्या दिवशी रविवार. शाळेला सुट्टी, सुरेखाताईंना ड्युटी, त्यामुळे सानिका सकाळपासून बाकावर आडवी. मी निळी फ्रेम निवडली, काचा घासून बसवल्या, हिरवी दोरी बांधली. खोक्यात कापूस अंथरला आणि चष्मा ठेवला. काच वर, काड्या खाली. टेप हातात घेतली. मग थांबलो, बाकापाशी गेलो, काउंटरवर सानिकाचा चष्मा बघितला, खोक्यात पुन्हा एकदा बघितलं, आणि मग टेप मारली.