दोराचा खिळा

चाळीने मला बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरवलं होतं, ते गोधड्यांपायी. आमच्या लालबागच्या चाळीत पुरुषाने नळावर बसून गोधडी पिळायची म्हणजे अब्रूच गेली. मी पिळायचो. घरच्या पिळून झाल्या की शेजारच्यांच्या मागून आणायचो. भिजलेली गोधडी अंगावर आलेल्या पैलवानाइतकी जड असते, तिला पीळ घालताना बोटांपासून खांद्यापर्यंत सगळा हात कामाला लागतो. मला तो हात हवा होता, कारण मी कडे चढायचो. पन्नाशी उलटली होती तरी चढायचो. हसेनात का लेकाचे!

गिरणीत मी साचेखात्यात, म्हणजे मागांवर, फिटर होतो. पाळीला जायच्या आधी गल्लीतल्या तालमीत जोर, बैठका, थोडा मल्लखांब, आणि शेवटी आडव्या बारला लटकणं, बोटं सुटेपर्यंत. माझ्या वयाचे लोक गॅलरीत बसून तंबाखू मळायचे आणि मला सांगायचे, "आता भजनात बसा, खूप झालं." मी म्हणायचो, "तुम्ही बसा. तुम्हाला उठवायला मी येईन." उद्धट होतो, खोटं कशाला बोलू. शरीराचा माज होता मला. दारू नाही, बाई नाही, माज नेमका शरीराचा.

माझ्याबरोबर चढायला एकच माणूस होता. तो नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा आणि गोदीत कामाला होता. आम्ही एकमेकांना दोरभाऊ म्हणायचो. एकाच दोराला दोन टोकांनी बांधून घेतलेल्या माणसांचं दुसरं नातं काय सांगणार? रविवारी आम्ही शिवडीकडच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या कड्यावर सराव करायचो आणि सुट्ट्या जुळल्या की घाटातला एखादा सुळका गाठायचो. पुढचं टोक नेहमी माझ्या कमरेला. मी आधी वर जायचो, बसायला नीट जागा शोधायचो, दोर पाठीवरून उजव्या खांद्याखाली घेऊन पाय रोवायचो आणि हाक द्यायचो, "ये रे!" मग तो यायचा. त्याचा पाय निसटला तर सगळा भार माझ्या त्या उजव्या खांद्यावर. दोनतीनदा निसटलाही. खांदा हलला नाही. तो वर येऊन नुसता म्हणायचा, "बरं झालं तू जेवून आलायस."

दोर माझ्या घरी असायचा. चांगला जाडजूड, गोदीतून रीतसर विकत घेतलेला. खोलीत उंदीर फार, म्हणून मी तो दाराच्या चौकटीच्याही वर, छपराजवळ खिळा ठोकून टांगला होता. चवड्यांवर उभं राहून हात पूर्ण ताणला की जेमतेम हाताला लागायचा. बायकोला काही केल्या लागायचा नाही. तिला तो कपडे वाळत घालायला हवा होता. "येवढो मोठो दोर नुस्तो टांगून ठेवलाय, आणि माझी लुगडी कठड्यार," असं ती येता-जाता ऐकवायची. मालवणचं माणूस, बोलणं थांबवील तर शपथ.

दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची. मी घरी दोराची करायचो. खाली उतरवून पाटावर गुंडाळून ठेवायचा, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग दोघांनी मिळून तो हाताहाताने सरकवत पुरा तपासायचा. कुठे तंतू तुटलाय, कुठे पीळ सैल झालाय. दसरा झाला की पुढच्या रविवारी सुळका. हे आमचं ठरलेलंच होतं.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. हरताळ, मोर्चे, मग गोळीबार आणि संचारबंदी. आमच्या भागातली माणसं मेली. गल्लीच्या टोकाला पोलिसांची गाडी उभी असायची आणि आम्ही आपापल्या खोल्यांत कोंडलेले. तालीम बंद, गिरणी बंद, खाणीकडे जायचा रस्ता बंद. त्या दिवसांत गोधडी पिळायलाही कुणी खाली जाईना. मी चौकटीला लटकायला बघितलं तर बायको ओरडली, "चौकट खाली इली तर काय पोलिसांका जोडूक सांगू?" मी खोलीत जोर काढत राहिलो, तेही शेजारी झोपलेत की जागे ह्याचा अंदाज घेत.

संचारबंदी उठली त्या दिवशी सकाळी मी दोर काढायला खिळ्याकडे हात नेला, आणि हात छातीपर्यंत जाऊन थांबला. पुढे जाईचना. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा. मी जोर लावला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. मी खाली बसलो आणि हसलोच आधी. वाटलं, जखडला असेल, बसून बसून. दुपारपर्यंत मोकळा होईल.

नाही झाला. पडलो नव्हतो, आपटलो नव्हतो, लाठीसुद्धा खाल्ली नव्हती. कुणाला सांगायची पंचाईत. लाठी लागली असती तर चाळीने हार घातला असता. कड्यावरून पडलो असतो तर निदान कड्यावर चढत होतो एवढं तरी सिद्ध झालं असतं. हे काय, म्हणे घरात बसून हात गेला!

तालमीतल्या वस्तादांनी सांगितलं, जोर वाढव. वाढवले. दुखणं कोपरापर्यंत उतरलं. गिरणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात एकदा वर, एकदा मागे करून बघितला आणि म्हणाले, "सांधा आखडलाय. सावकाश सुटेल. ओढाताण करू नका. ह्या वयात व्हायचंच." हे वय माझ्यासमोर काढलेलं मला खपत नसे. शेकायला सांगितलं ते ऐकलं, बाकीचं सोडून दिलं. आमच्याकडे हाड दुखलं की डॉक्टरकडे कोण जातो? हाडवैद्याकडे जायचं. गावाकडचे एक म्हातारे वैद्य परळला उतरायचे. त्यांनी मोडलेले किती हात जोडले होते ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण माझा हात मोडला नव्हता, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. त्यांनी तेल चोळलं, मला जमिनीवर आडवं पाडलं, काखेत टाच रोवली आणि हात ओढला. मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. "सुटला," वैद्य म्हणाले. दोन दिवस खरंच सुटल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी खांदा सुजला, आणि सूज उतरली तेव्हा होता तेवढाही हात हलेना. पुढे कितीतरी महिन्यांनी तो पुन्हा छातीपर्यंत आला, आणि तिथेच राहिला. वैद्यांचा राग नाही. मोडलेलं जोडायला ते जे करायचे तेच त्यांनी माझ्यावर केलं. पण आजही तेलाचा तो वास आला की माझा जीव गोळा होतो.

बायको मला सदरा घालायची. आधी दुखरा हात, मग चांगला. तोंडाने काही बोलायची नाही, आणि तीच गोष्ट मला सहन व्हायची नाही. अगं बोल की काहीतरी! गोधड्या आता ती पिळायची. मी नळाजवळ उभा राहून बघायचो. एका टोकाला डाव्या हाताने धरायचो, पण तिने पीळ घातला की माझं टोक सुटायचं. चाळीतलं कुणी आता हसत नव्हतं. ते हसले असते तर बरं झालं असतं.

दोरभाऊ दर रविवारी यायचा. चहा प्यायचा, वर खिळ्याकडे बघायचा आणि जायचा. मी म्हटलं, "दुसरा कुणी बघ. गोदीत माणसांची काय कमी आहे?" तो म्हणाला, "दुसऱ्याच्या खांद्यावर जीव टाकू होय? गप बरा हो तू." त्याचं हे प्रेम माझ्या छातीवर बसायचं. मी बरा व्हायचं म्हणजे काय करायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं करून झालं होतं.

एकदा हट्टाने त्याला घेऊन खाणीवर गेलो. ज्या कड्यावर मी डोळे मिटून चढायचो त्याची पहिली खाच डोक्याच्या जरा वर आहे. तिच्यात उजवी बोटं घातल्याशिवाय पाय उचलताच येत नाही. मी डावा हात दगडावर ठेवला आणि उजवा वर नेला. छातीपर्यंत गेला. डाव्या हाताने त्याला ढकलून बघितलं. खाच समोर दिसत होती, आतली माझ्या बोटांनी गुळगुळीत झालेली कड दिसत होती. हातभराचं अंतर हो! मी त्या हाताला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, आणि मग दगडाला कपाळ टेकून रडलो. दोरभाऊ पाठ फिरवून विडी पेटवत होता. त्याची काडी काही लवकर पेटली नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. पुढल्या दसऱ्यापासून त्याने हळदकुंकवाला हात लावला नाही. मी फूल ठेवायचो आणि तो दोर तपासायचा, तेवढ्याच मन लावून. दोर उतरवायचाही तोच.

मग मैदानातली ती सभा. आम्ही तिघं गेलो होतो, मी, बायको आणि दोरभाऊ. भाषणं झाली, घसे बसले, आणि शेवटी मंचावरून ठराव वाचला गेला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मंजूर असेल त्यांनी हात वर करा. सगळ्या मैदानाने हात वर केले. माझा छातीपाशी. दोरभाऊ कानाशी म्हणाला, "अरे, डावा कर ना." डावा? ज्या ठरावासाठी माणसं मेली त्याला डावा हात? देवाला डाव्या हाताने फूल वाहतो का कुणी? मी नुसता उभा राहिलो. एवढ्या माणसांत माझंच मत नाही, असं दिसत असणार. तेवढ्यात बायकोने दुसराही हात वर केला. "ह्यो तुमचो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

शेवटी महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. चाळीला दिवे लागले, पेढे वाटले गेले. मला वाटायचं, एवढं मोठं काम झालं, मग माझा हात काय चीज आहे? रोज सकाळी भिंतीपाशी उभा राहून बोटांनी भिंत चढायचो. पेन्सिलीची खूण करून ठेवली होती. खूण तिथेच.

त्यानंतरच्या दसऱ्याला मी आंघोळ करून आलो आणि सवयीने मान वर केली. खिळ्यावर दोर नव्हता. वाटलं, बाईने शेवटी लुगडी वाळत घातली. ओरडायला तोंड उघडलं आणि दोर दिसला. दारामागच्या भिंतीवर, नव्या खिळ्याला, नीट गुंडाळून टांगलेला. खिळा माझ्या छातीच्या उंचीवर होता. पेन्सिलीच्या खुणेवरच ठोकला होता. शेजारून मागून आणलेलं स्टूल अजून चौकटीखालीच होतं. उंदरांसाठी तिने दोराला जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती.

"एवढ्या खाली का ठोकलास?" मी विचारलं.

"तुमचो हात पोचूक नको?" ती चुलीपुढून म्हणाली.

इतकी वर्षं वस्तादांनी, डॉक्टरांनी, वैद्यांनी मला काहीतरी सांगितलं होतं, आणि दोरभाऊ तर दर रविवारी "बरा हो" म्हणत होता. तिने एक खिळा ठोकला. तो हात आता वर जायचा नाही, हे तिला माझ्या आधी कळलं होतं. मला राग आला, आणि रागावू कुणावर तेच कळेना. दोरभाऊ दारात उभा होता. त्याने खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोर उतरवायला तो ह्या वेळी पुढे आला नाही.

मीच उतरवला, उजव्या हाताने. पाटावर ठेवला, फूल वाहिलं. तो खाली बसला आणि ज्याला आता कुणी लटकणार नव्हतं असा तो दोर त्याने हाताहाताने सरकवत शेवटपर्यंत तपासला.