जोड माझा नाही

मारुतराव ढमाले कोणतंही यंत्र उघडण्याआधी त्याचं चित्र जमिनीवर खडूने काढत. पंखा असो की पाण्याचा पंप, आधी ते उकिडवे बसून नुसते पाहत. मग फरशीवर रेघा उमटू लागत. ही तार इथून निघाली, ही तिकडे गेली, हिच्यावर पिवळा धागा आहे, हिच्यावर काहीच नाही. बंगल्यांतली नोकरमाणसं हसत, मिस्त्री रांगोळी घालतोय म्हणत. मारुतराव मान वर न करता उत्तर देत, "खोलणं कोणालाही येतं. परत बांधायला बसलं की माहीत पडतं, कोणती तार कोणाच्या घरची."

मी तेविसाव्या वर्षी ग्वाल्हेरच्या वीजखात्यात ओव्हरसियर म्हणून लागलो, तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे होते. हुद्द्याने मी वरचा, कामात मी त्यांचा विद्यार्थी. त्यांचे आजोबा दख्खनेतून घोडेस्वार म्हणून आलेले, माझे दरबारच्या दप्तरात कारकून. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "तुमचे आजोबा लिहायचे, आमचे मरायचे. आता दोघांचे नातू मिळून बिजलीचे खांब मोजून राहिलेत." चारचौघांत ते मला 'साहेब' म्हणत. पाटणकर बाजारातून दोघं घराकडे चालू लागलो की मी 'वसंतराव' होई.

दोन तारांचा जोड कसा पिळायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. माझा पहिला जोड त्यांनी बोटांनी ओढून सुटा केला, दुसराही केला. विसाव्या जोडाला म्हणाले, "हा राहील. आता हा जोड तुमचा. माणसाची सही असते ना, तसा कारागिराचा जोड असतो. मला दहा जोड दाखवा, कोणता कोणी मारला ते सांगतो."

एका बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकत नसत. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून एक वेगळी तार जोडतात. खोल खड्डा घेऊन त्यात कोळसा, मीठ आणि तांब्याची पाटी पुरतात आणि ती तार तिथवर नेतात. खात्यात सगळे तिला 'अर्थ' म्हणत. मारुतराव म्हणत, "अर्थ नाही त्या कामाला माझा हात नाही." नवीन माणसाला हा विनोद वाटे. तो विनोद नव्हता. त्यांच्या धाकट्या भावाने मुरारच्या एका गिरणीत अशाच पत्र्यावर हात ठेवला होता.

ते वर्ष याद्यांचं होतं. संस्थान जाऊन मध्यभारत झालेलं होतंच. आता मध्यभारतही मोडून नवं मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, हे ठरलं होतं. कचेरीत रोज नवी यादी लागे. कोण भोपाळला, कोण इंदूरला, कोण जादा. सकाळी येऊन आधी यादीत आपलं नाव शोधायचं आणि मग हजेरीवर सही करायची, अशी सवय सगळ्यांना लागली होती. मारुतराव यादीकडे फिरकत नसत. "माझं नाव मला माहीत आहे," म्हणत.

मे महिन्यात मुरारकडच्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यातली थंडाव्याची मशीन बंद पडली. खिडकीत बसवलेलं ते एअर कंडिशनर त्यांनी दिल्लीहून आणलं होतं. आमच्यापैकी बहुतेकांनी तसं यंत्र तोवर पाहिलेलंही नव्हतं. अधिकाऱ्याच्या पत्नीला नववा महिना होता, बाहेर लू चालली होती. आम्ही गेलो तेव्हा त्या ओली चादर अंगावर घेऊन पडून होत्या. मारुतरावांनी समोरची जाळी काढली, आत हात घातला आणि म्हणाले, "मशीन थंड करून राहिली आहे, पण हवा फेकणारी मोटर जळली." त्यांनी ती बाहेर काढली. पिंजऱ्यासारख्या चाकाला फिरवणारी लहानशी मोटर, जळक्या वार्निशचा वास मारणारी.

नवीन मोटर दिल्लीहून चार दिवसांनी आली, पण तिच्या तारांचे रंग जुनीशी जुळेनात. मारुतरावांनी व्हरांड्यात दोन्ही मोटरींची चित्रं शेजारी शेजारी काढली. मग दिव्याची तपासणीची तार लावून एकेक जोडी पाहिली: चालू करणारी गुंडाळी ही, चालवत ठेवणारी ही. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं आणि हवा मागेच जाऊ लागली. त्यांनी दोन टोकं बदलली, चाक सुलट झालं. मग प्रत्येक तार पत्र्याच्या धारेपासून दूर बांधली, जिथे पत्र्यातून जायची तिथे रबराची नळी चढवली. दुपारपर्यंत सगळं तयार झालं. फक्त भिंतीतून येणारी मुख्य तार त्यांनी मोकळी ठेवली, टोकांना कापड गुंडाळून.

"आता खड्डा," ते म्हणाले.

खड्डा बंगल्याच्या माळ्याने, बलदेवने, कमरेइतका खणला. तेवढ्यात बंगल्याचे साहेब कचेरीतून आले. हिरवळीच्या कडेला मातीचा ढीग पाहून त्यांचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंत्री चहाला यायचे होते. खड्डा बुजवा, मशीन चालू करा, बाकीचं पुढच्या आठवड्यात, असं त्यांनी मला सांगितलं. मी मारुतरावांना बाजूला घेतलं.

"फक्त आठ दिवसांचा प्रश्न आहे, मारुतराव. आत त्या बाईची काय अवस्था आहे ते पाहिलंत ना?"

"पाहिली. म्हणूनच सांगतो. मला रात होईपर्यंत खणू द्या, मी स्वतः खणतो."

"साहेब नाही म्हणतात."

"मग मीही नाही म्हणतो." त्यांनी कागदाचा तुकडा काढला, त्यावर लिहिलं, 'अर्थ न झाल्याने मशीन चालू केलेली नाही,' सही केली, माझ्या हातात दिला आणि सायकलवर बसून निघून गेले.

साहेब व्हरांड्यात उभे होते. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. मी पेचकस उचलला. मुख्य तारेचे दोन्ही जोड मीच पिळले आणि मीच झाकण बसवलं. गार हवा सुटली तेव्हा आतून बाईंनी मला दुवा दिला. झाकणाच्या कडेखाली एक तार दाबली गेली होती, ती मला दिसली नाही.

अकरा दिवस मशीन चालली, खड्ड्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. बाराव्या सकाळी बलदेवची बायको रामकली खोली पुसत होती. ओली फरशी, अनवाणी पाय, हातात ओलं फडकं. तिने फडकं मशीनवरून फिरवलं. बाहेर बसलेल्यांना फक्त बादली उलटल्याचा आवाज आला.

चौकशी तीन दिवसांत उरकली. चौकशीच्या आदल्या दिवशी आमच्या मोठ्या इंजिनियरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "तुझं सगळं आयुष्य पुढे आहे," ते म्हणाले. "ढमालेचं नाव तसंही बाहेर जाणाऱ्यांत आहे. मोटर त्यानेच बसवली ना? तेवढंच विचारतील. तेवढंच सांग."

तेवढंच विचारलं. मी तेवढंच सांगितलं. मारुतरावांची चिठ्ठी माझ्या खिशात होती. ती कोणी मागितली नाही, मी काढली नाही.

मग मशीन टेबलावर आणून मारुतरावांना बोलावलं. त्यांनी झाकणाखालची जळलेली तार पाहिली, मग मुख्य तारेचे ते दोन जोड पाहिले. दोन्हींवरून बोट फिरवलं.

"मोटर मी बसवली," ते म्हणाले. "जोड माझा नाही."

"मग कोणाचा?"

खोलीत सातआठ माणसं होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं. "ज्याचा आहे तो इथेच आहे. त्याला बोलू द्या."

मी बोललो नाही. कारकुनाने लिहिलं की मिस्त्री समाधानकारक उत्तर देऊ शकला नाही.

त्यांना मिस्त्रीपदावरून लाईनमन केलं आणि होऊ घातलेल्या राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बस्तरकडे धाडलं. जाण्याच्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. त्यांची पत्नी डब्यात बसली होती, ते फलाटावर ट्रंकेजवळ उभे होते. मी माफी मागू लागलो.

"माझ्याकडे का आलात?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "माझी बदली झाली आहे. बाई बलदेवची गेली. त्याच्याकडे जा."

मग ट्रंक उचलून ते डब्यात चढले.

बलदेवकडे जायला मला चार महिने लागले. तोवर त्याला बंगला सोडावा लागला होता. नई सडकेच्या मागच्या एका गल्लीत तो रोपं विकायला बसे. मी सगळं सांगितलं. तो तुळशीच्या कुंडीतली माती दाबत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बाबूजी, मैंने ही गड्ढा भरा था. साहब ने कहा, भर दे, तो भर दिया." मग कुंडी बाजूला सरकवून, "मरते वक़्त उसे कुछ पता चला होगा क्या?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

त्याच आठवड्यात मी कबुलीजबाब लिहिला, चिठ्ठी जोडली आणि कचेरीत दिला. पण कचेरी तोवर कचेरी राहिली नव्हती. फायली पोत्यांत बांधून भोपाळला चालल्या होत्या, अर्ध्या खुर्च्या गेल्या होत्या, मोठे इंजिनियर बढती घेऊन गेले होते. हेडक्लार्कने कागद वाचला, चष्मा काढला. "ज्या खात्याकडे अर्ज केलात ते खातं आता नाही. नव्या खात्याने हे प्रकरण घेतलेलं नाही." तरी त्याने शिक्का मारला आणि कागद एका पोत्यात घातला. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. मी भोपाळला दोन स्मरणपत्रं पाठवली, त्यांचंही नाही.

दोन वर्षांनी कळलं, मारुतराव वारले. जंगलातल्या लाईनवर असताना ताप चढला, दवाखाना दीड दिवसाच्या वाटेवर होता. त्यांची पत्नी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात भावाकडे परत आली. मी भेटायला गेलो. त्या चुलीपाशी गहू निवडत होत्या, निवडता निवडताच बोलल्या.

"तुमच्याबद्दल ते वाईट नाही हो बोलले कधी. एवढंच म्हणायचे, तो पोरगा बोलेल. आज नाही तर उद्या बोलेल. डाकवाला आला की विचारायचे, ग्वाल्हेरचं काही आहे का?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "बोललात का तुम्ही?"

"बोललो, काकू. लिहून दिलं."

"केव्हा?"

"तुम्ही गेलात त्याच वर्षी. दिवाळी झाल्यावर."

त्यांनी हळूच विचारलं, "मग त्यांना कळवलं का नाही?"

मी खात्याला लिहिलं होतं, तीनदा. बस्तरला एक ओळ लिहायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.