हौदाभोवतीची भिंत

लग्न होऊन मी निपाणीजवळच्या मळ्यात आले तेव्हा हौद नवाच होता. स्वयंपाकघराच्या मागल्या दारातून बाहेर पडलं की समोरच. मोटेचं पाणी आधी थारोळ्यात पडायचं, तिथून दगडी पन्हळीनं हौदात यायचं, आणि मग तंबाखूच्या रोपांना, गुरांना, धुण्याला जायचं. पाणी बाईमाणसाच्या छातीपर्यंत. कठडा मात्र गुडघ्याएवढाच, वाकून घागर बुडवता यावी म्हणून. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हा हौद मोठ्या हौसेनं बांधून घेतला होता. पाहुणा आला की आधी हौद दाखवायचे, मग बसायला घोंगडं टाकायला सांगायचे.

माझी पहिली मुलगी त्या हौदात गेली. नुकती बोलायला लागली होती. सगळ्या गुरांना ती ‘अंबा’च म्हणायची.

चैत्रातली संध्याकाळ होती. आम्ही जैन; दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची असतात, त्यामुळं त्या वेळेला घरात घाई असते. मी भाकरी थापत होते. थोरल्या जाऊबाई चुलीपुढं कालवण ढवळत होत्या. मामंजी सोप्यात बसले होते. आमचे हे आणि थोरले दीर मोट सोडत होते. मला वाटलं, पोर आजोबांजवळ आहे. मामंजींना वाटलं, ती आत आईकडं गेली. जाऊबाईंना वाटलं, बापाच्या मागं गेली असेल. घर माणसांनी भरलेलं होतं. ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही. पाणी उडाल्याचा आवाजसुद्धा नाही. बुडणारं माणूस हाका मारतं, असं मला तोवर वाटत होतं.

बैलांना पाणी पाजायला हे हौदावर गेले तेव्हा त्यांना ती दिसली. उलटी धरली, पाठ चोळली, पोटातलं पाणी काढलं. पोर काही हललं नाही. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला होता, तो मी बाहेर उभी राहून बघत होते.

नंतरच्या महिन्यांतली कामं आठवतात, मी आठवत नाही. दळण केलं, शेणी लावल्या, धुणी धुतली. एकदा मिरच्या कांडल्यावर शेजारची म्हणाली, "अगं, हात भगभगत न्हाईत व्हय तुझं?" तेव्हा मी हात धुतले. बायका यायच्या, मला जवळ घ्यायच्या. "रड गं, रड. मोकळी हो." मी त्यांना पाणी द्यायची.

मामंजी म्हणाले, "हौद बुजवून टाकतो."

थोरले दीर म्हणाले, "मग हीर बी बुजवायची व्हय, आप्पा? पाण्याबिगर मळा कसा ऱ्हाईल?"

दुसऱ्या दिवसापासून मामंजी स्वतः दगड आणायला लागले. गवंड्याला हात लावू दिला नाही. हौदाभोवती छातीएवढी भिंत घातली, तिला सागवानी दार केलं आणि कडी दाराच्या अगदी वरच्या अंगाला बसवली, पोरांचा हात पोचू नये म्हणून. हौदाच्या आत एका कोपऱ्यात पायऱ्या बांधल्या. त्यांचे हात चुन्यानं फुटले. पाहुण्यांना हौद दाखवणं बंद झालं.

जाऊबाईंना घरात सगळे आक्काच म्हणत. त्यांनी एक रीत घातली. लहान पोर कुणाकडं आहे हे तोंडानं सांगायचं, नुसतं समजून चालायचं नाही. "मी आत चालले, पोर तुमच्याकडं." समोरच्यानं "माझ्याकडं" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. थोरल्या दिरांना आधी याचं हसू आलं, पण आक्कांनी असं बघितलं की तेही तसं म्हणायला लागले.

आक्कांचं माहेर कृष्णाकाठचं, बोली कानडी. लहानपणी त्या भावांबरोबर नदीत पोहायच्या. एक दिवस पुरुष निपाणीच्या बाजाराला गेल्यावर त्यांनी मला हौदावर बोलावलं. हातात दोन वाळके भोपळे आणि ते बांधायला सोलाचा दोर होता.

"काष्टा घट्ट मार, तंगी," त्या म्हणाल्या. तंगी म्हणजे धाकटी बहीण, मला त्या तेवढ्याच नावानं हाक मारायच्या.

"मला न्हाय उतरायचं."

"पानी सुटनार हाय व्हय? रोज भरायचंच हाय की. पोरं हुतील तुला अजून. पोर पान्यात पडलं तर काठावर हुबं ऱ्हाऊन काय करशील?"

मी उतरले. पाणी गार होतं हे कळलं. दुसरं काही वाटलं नाही. भोपळे पाठीला बांधून त्यांनी मला आडवं केलं, पोटाखाली हात धरला. "अंजबेड," भिऊ नको, असं कानडीत पुटपुटत राहिल्या. मी भीत नव्हतेच. पाय मार म्हटलं की पाय मारायची.

एकदा मामंजी बाजारातून लवकर परत आले. भिंतीवरून त्यांना आम्ही दोघी ओलेत्या दिसलो. आक्का पाण्यात खाली बसल्या. मामंजींनी मान फिरवली, दाराबाहेर आमच्याकडं पाठ करून बसले आणि वाटेवरून येणाऱ्या गड्याला लांबूनच म्हणाले, "तकडनं जा रं, हितं काम चाललंय." त्यानंतर बाजाराच्या दिवशी ते मळ्यातच थांबायचे.

भोपळे सुटले. मला पोहता यायला लागलं. मग दुसरी मुलगी झाली. ती चालायला लागल्यावर कुणी ना कुणी तिच्यावर नजर ठेवायचंच. पुढं कळती झाली तशी आम्ही तिला पाण्यात घेतलं. पडलीस तर पहिल्यांदा उलटं फिरायचं, कठडा धरायचा, मग हाक मारायची, हे आक्कांनी तिच्याकडून खेळासारखं घोकून घेतलं.

जर्मनची दुसरी लढाई सुरू झाली होती त्या दिवसांत, आक्कांच्या मुलीच्या लग्नाला घर पाहुण्यांनी भरलं. कुणीतरी घागर भरून दार तसंच उघडं टाकलं. मी मांडवात पानं मांडत होते. "आई" अशी हाक आली. मोठी नव्हती, पण मी पळत गेले. मुलगी दोन्ही हातांनी दगडाला धरून लोंबकळत होती, हनुवटी पाण्यात. मी लुगड्यासकट उडी टाकली, तिला खालून उचलून पायरीवर बसवलं. तिला ठसका लागला, मग ती रडायला लागली. आक्कांनी तिला उचलून आत नेलं.

मी बाहेर आले, दार ओढलं, कडी घातली. छाती धडधडली नाही. पदर पिळताना मला ह्यांचा आवाज ऐकू आला. ते भिंतीला टेकून खाली बसले होते, तोंडावर पटका दाबून हुंदके देत होते. पहिलीच्या वेळेला ते रडले नव्हते. आता नाव घेत होते ते तिचंच, दुसरीचं नव्हे.

मांडवातून कुणीतरी वाढायला बोलावलं. मी ह्यांच्याशेजारी उकिडवी बसले. ओला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. पाठ गरम होती. तेवढं मला कळलं.